औंढ्याचा ओढा

माझ्या लग्नात कुलथे सर स्टेजवर आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. "ओढ्यावरून थेट आलोय," असं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "पोहता येतं का?"

ओढा लोणावळ्याजवळच्या औंढे गावातला. पाऊस इतका पडला तर पाणी किती येईल, हे सांगणारं संगणकातलं मॉडेल आमच्या पुण्याच्या ऑफिसात मी चालवते. मोठ्या नदीला ते बरं होतं, छोट्या ओढ्यांना साफ चुकायचं. पाणी गोठ्यात शिरल्यावर इशारा द्यायचं. सर तिथंच माझे साहेब होते. म्हणायचे, "मॉडेलला सर्दी होत नाही ना, म्हणून खोटं बोलतं." निवृत्तीनंतर ते लोणावळ्यात एकटेच राहू लागले आणि पावसाळाभर रोज त्या ओढ्यात उतरून पाणी मोजू लागले. पाणी चढताना खेकडे काठावर आले की तेही वहीत लिहायचे.

मोजायला ओढ्यात खुणांची पट्टी रोवलेली. ती टिकायची नाही. एकदा आडवी झाली, तेव्हा सर काठावर राहणाऱ्या शेवंतामावशींवर चिडले.

"कुनी काडली न्हाई, सर. म्हशीनं अंग घासलं," मावशी म्हणाल्या. "तिला काय सांगू आता?"

मग सरांनी स्वतःच म्हशीला समजावून सांगितलं. मी तिथं उभी होते.

त्यांचे आकडे घालून मी मॉडेल दुरुस्त करत राहिले. जुळता जुळेना. शेवटी गेल्या उन्हाळ्यात जुळलं. मी पेढे घेऊन लोणावळ्याला गेले. सरांनी पेढा हातातच धरला आणि मला औंढ्याला नेलं.

ओढा नव्हता. बंगल्यांच्या प्लॉटसाठी तो सिमेंटच्या पाइपात घालून वर मुरूम पसरला होता.

"अर्ज केले," सर म्हणाले. "नकाशात ओढाच नाही, म्हणे."

"पानी कुटं जायाचं आता?" मावशींनी विचारलं.

पावसाळ्यात पाइप तुंबला आणि पाणी मावशींच्या घरात शिरलं. आमच्या मॉडेलला पाइप ठाऊकच नव्हता. मावशी लेकीकडे पवनानगरला गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

सरही आता तिकडं जात नाहीत. पाऊस लागला की मात्र त्यांचा फोन येतो. गच्चीवर मोजलेला पाऊस ते सांगतात. मी मॉडेल चालवते आणि ओढा असता तर पाणी कुठवर आलं असतं, ते त्यांना सांगते.

"मग खेकडे काठावर आले असतील," ते म्हणतात.