दगडी शाळेच्या पायरीचे वतन

॥ श्री शारदा प्रसन्न । पाटी-पेन्सिल साक्ष ॥

शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी, कसबे मजकुरी दगडी शाळेवर मोठा प्रसंग गुदरला, तो कैसा गुदरला आणि शाळा कैसी तगली, ही हकीकत श्रोतीं सावध होऊन ऐकावी. शाळा म्हणजे काय सामान्य इमारत! काळा घडीव दगड, सागवानी खांब, वर मंगळुरी कौले, आणि दारी रुंद पायऱ्या. त्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी पाटीवरची पेन्सिल घासोन घासोन टोके काढली, तेणेकरून दगडास खाचा पडल्या. आणि बापाच्या खाचेत लेकाने घासावे, परक्याने तेथे घासल्यास मधल्या सुटीत युद्ध व्हावे, ऐसा रिवाज पडला. पाटलास पाटीलकीचे वतन, तैसे घराघरास खाचेचे वतन. ऐसा कसबा आणखी कोठे आहे? नाही!

ऐसे असता सरपंच राजश्री निंबाजीराव ढमाले यांचे मनी आले की, शाळा पाडावी आणि त्या जागी दुमजली बाजार-संकुल उठवावे. मुख्याध्यापिका द्वारकाबाई लोखंडे याच शाळेत शिकल्या आणि याच शाळेत शिकवू लागल्या. त्यांनी पदर खोचिला आणि राजधानीस अर्ज गुजरिला की, शाळा पुरातन आहे, वारसा म्हणोन राखावी. उत्तर आले की, पाहणीस देवस्थळी साहेब येतील, त्यांनी जुनी म्हटल्यास राखावी, न म्हटल्यास खुशाल पाडावी. मग काय विचारता! कसब्यात हर्ष मावेना.

आणि येथेच घात जाहला. बाईंची उभी हयात शाळा-तपासणीत गेली. साहेब येणार म्हणजे शाळा रंगवावी, हे त्यांचे हाडीमांसी खिळलेले. त्यांनी हाक दिली, "साहेब यायचेत, शाळा कशी नवीकोरी दिसली पाहिजे!" मग पालक धावले, माजी विद्यार्थी धावले, कोणी डबा आणिला, कोणी कुंचा आणिला, आणि काळे दगड गुलाबी केले, आणि सागवानी खांब पोपटी केले, आणि पायऱ्यांवर चकचकीत फरशी बसविली. निंबाजीराव समोरच्या पारावर बसोन मिशीत हसले. गनीम आपल्या हाते आपला बुरूज पाडीत असता तोफ कोण डागतो?

देवस्थळी साहेब जीपगाडीतून उतरले, नारळ जाहला, फेटा जाहला. साहेबांनी खांब ठोकिले, भिंती न्याहाळिल्या आणि खिन्न होऊन म्हणाले, "बाई, सगळं छान आहे हो, पण यात जुनं काय आहे?" ऐसे बोलोन गाडीकडे वळले. आपली शाळा आपणच बुडविली, हे बाईंस तेच क्षणी उमगले आणि काळीज चिरले. मग काय केले? गवंड्याची पहार उचलिली आणि धावत जाऊन पायरीवर घातली! एक घाव, दोन घाव, फरशीच्या ठिकऱ्या उडाल्या. बाई ओरडल्या, "साहेब, थांबा! जुनं खाली आहे! मीच गाडलंय, मीच काढते!"

खाचा उघड्या पडल्या मात्र, अवघा कसबा पायऱ्यांवर तुटोन पडला! "ही आमची!" "सरक की, ही आमच्या आज्याची!" ऐसा गलबला उठला. म्हातारे गुडघे टेकोन खाचांत बोटे घालू लागले, आणि साहेबही फेटा सावरीत खाली बसले. आणि निंबाजीराव? ते पारावरून उठले, गर्दीतून वाट काढीत वरच्या पायरीच्या डाव्या कडेस बसले आणि एका खाचेत बोट घातले. त्यांचे वडील दुसरीतच शाळा सोडोन गुरांमागे गेले; तेच पुढे पोरास शाळेच्या पहिल्या दिवशी येथे आणोन बोलले होते, "माज्याच्यानं एवढीच झाली रं. फुडं तू खोल कर." ते बोल राजश्रींनी सर्वांसमक्ष सांगितले आणि रडले, खरेच रडले, मग डोळे पुसोन बोलले, "बाई, संकुल बाजारतळावर बांधू. ह्या पायरीला कुनी धक्का लावायचा न्हाई."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. साहेबांनी शाळा वारसा म्हणोन नोंदली. रंग खरवडता खरवडता कसब्याचे हात सोलवटले, परंतु कोणी कुरकुरले नाही, कारण लाविला कोणी हे ज्याचे त्यास ठाऊक! पुढे राजधानीहून फलक आला: "संरक्षित वारसा. पायऱ्यांना हात लावू नये." ज्येष्ठमासी शाळा उघडली तेव्हा साहेब पुन्हा पाहणीस आले, तो फलकाच्या खालीच निंबाजीराव बसलेले, आणि त्यांची नात, पहिलीत नवी दाखल जाहलेली, घरच्या खाचेत पेन्सिल करकरा घाशीत होती. साहेब म्हणाले, "अहो सरपंच, फलक वाचला नाही का?" राजश्री उठले नाहीत. बोलले, "वाचला की सायेब. पर हे आमचं वतन हाय." आणि नातीकडे वळोन म्हणाले, "घास गं पोरी. आजून खोल."

हकीकत लिहिली ती खरी. ज्यास संशय, त्याने येऊन पायरीवर बोट ठेवावे.