विमलअक्कांनी केलेली बारशी

आमच्या खेळात बारसं झाल्याशिवाय कुठल्याच वीराला तलवार मिळत नाही. हा नियम खेळाच्या पुस्तकात नाही. तो खालच्या मजल्यावरच्या विमलअक्कांचा आहे.

आम्ही चौघं लातूरच्या क्लासेसमधले मास्तर. रविवारी दुपारी माझ्या घरी फासे टाकत गोष्ट खेळतो. कुणी जादूगार होतो, कुणी तिरंदाज, आणि फासा उलटा पडला की आपलं पात्र मरतं. अक्का म्हणजे रिटायर अंगणवाडीताई. 'लई गोंधळ लावलाय रे' म्हणत भांडायला वर आल्या, आणि चहा पिऊन तिथंच रमल्या. खेळ त्यांना अजून कळलेला नाही, पण नावं मात्र त्याच ठेवतात.

फिरोजनं मोठ्या ऐटीत जादूगाराचं नाव सांगितलं, "झारगोथ्रॅक्स!"

"आगं बया! आन् ह्येची आई जेवायला हाक कशी मारंल?"

"अक्का, तो बर्फाच्या डोंगरातला आहे."

"आसंना का. मामाचं गाव कोणतं?"

मामाचं गाव जळकोट ठरलं आणि जादूगाराचा मन्मथ झाला. माझ्या कुऱ्हाडवाल्याचा धोंडिबा झाला. नाव ठरलं की अक्का खेळणाऱ्याच्या कानात 'कुर्रर्र' करणार आणि आम्ही त्यांच्या पाठीत बुक्क्या मारणार. एकदा सुधाकरनं जरा जोरातच हाणली. अक्का दोन दिवस बाम चोळत होत्या, पण बारसं अर्धवट सोडलं नाही. "आत्यानं नाव ठिवल्याबिगर लेकरू घरचं वाटत न्हाई," म्हणायच्या.

अक्कांना खरंखुरं आत्या व्हायचं होतं. आई गेल्यावर धाकट्या भावाला, शरणूला, त्यांनीच निलंग्यात वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. शरणू पुण्याला. त्याच्या घरी अकरा वर्षांनी पाळणा हलणार होता. अक्कांनी झबली शिवली, खणाची कुंची शिवली. पोरगीच होणार आणि तिचं नाव गौरा, हेही ठरवून टाकलं. मी एकदा खेळातल्या माझ्या राणीसाठी तेच नाव मागितलं, तर म्हणाल्या, "त्ये सोडून माग. त्ये ठिवलंय."

पोरगी झाली. अक्कांची पिशवी भरून तयार. बारा दिवस झाले, वीस झाले. मग एका रविवारी ऐन खेळात शरणूचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं स्पीकर चालूच.

"अक्का, काल बारसं उरकलं. तुला प्रवासाची दगदग नको म्हणून कळवलं नाही."

नाव त्याच्या मेहुणीनं ठेवलं होतं.

"ब्येस केलं," अक्का म्हणाल्या. "लेकरू दूध पितंय न्हवं?"

फोन ठेवला. मला शरणूचा असा राग आला, की समोर असता तर कानाखाली वाजवली असती. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "चला, आज कुणाचं बारसं हाय?"

कुणाचंच नव्हतं.

"माझं," मी ठोकून दिलं. "नवी पोरगी आणलीय. पण अक्का, चोर आहे ती."

"आसू दे. लेकरूच हाय."

त्या माझ्या कानाशी आल्या. 'कुर्रर्र' केलं. मग हळूच म्हणाल्या, "गौरा." बुक्की मारायचं कुणाला सुचलंच नाही. फिरोजनं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

याला आता आठ महिने झाले. बाकीच्यांनी तीन राक्षस मारले, मन्मथ तर दोनदा मरता मरता वाचला. गौरा मात्र अजून वेशीजवळच्या खानावळीत बसलेली आहे. तिच्यासाठी मी फासाच टाकत नाही, आणि हे तिघंही टाकायला सांगत नाहीत.

अक्का दर रविवारी वर आल्या की आधी विचारतात, "जेवली का रे पोरगी?"

"जेवली, अक्का," मी सांगतो.