तळहाताचा पंचनामा

पिंगळीला बदली होऊन आम्ही राहायला गेलो, त्या दिवशी समोरच्या घरातले एक म्हातारे गृहस्थ उठून रस्ता ओलांडून आले. नवा शेजारी म्हणून विचारपूस करायला आले असतील, असं समजून मी नमस्काराला हात जोडले. त्यांनी जोडलेले हात सोडवले, उजवा उन्हात ओढला, उलटापालटा केला, अंगठ्यानं तळवा दाबला, एकेक नख न्याहाळलं. मग डावा. मग म्हणाले, "चपला काढा."

"का बरं?"

"तळपाय बगायचेत."

आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेचा मास्तर, भर रस्त्यात सामानाच्या गाडीला टेकून एकेक पाय वर करून दाखवला. का दाखवला, ते मला आजही सांगता येणार नाही. आवाजच तसा होता.

"साफ हाय," ते म्हणाले. "घरात शेवटी कोन जेवतं?"

मी काही उत्तर द्यायच्या आत ते परत फिरले.

हे गणपतराव जमादार. निजामाच्या पोलिसात भरती झाले आणि महाराष्ट्राच्या पोलिसातून निवृत्त झाले. मधल्या काळात राज्य बदललं, टोपी बदलली, जमादारांचा शक मात्र तसाच राहिला. "शक हाय मला," हे त्यांचं वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. दूध पातळ लागलं, शक. गाडी वेळेवर आली, तर जास्तच शक.

विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा तापलेला होता, ती वर्षं. गावात नवा माणूस आला की लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचे. जमादारांनी माझं आडनाव शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांना हात पुरायचा.

त्यामुळे आसपासच्या गावांत त्यांची ज्योतिषी म्हणून कीर्ती पसरली होती. एकदा एक बाई लग्नाच्या पोरीला घेऊन आली. जमादारांनी पोरीचा हात बराच वेळ पाहिला.

"योग कवा हाय, जमादार?"

"योग मला काय माहीत? नखं फिक्की पडलीत पोरीची. दाळ देता का?"

बाईला वाटलं, ग्रहाचा उतारा सांगतायत. तिनं पदर सावरून विचारलं, "कोन्त्या वारी द्यायची?"

"सगळ्या वारी!"

"कुनाला द्यायची?"

"हिला! हिच्या पोटात! वाटी भरून, घट्ट!"

बाई हात जोडून गेली. पुढं त्या पोरीचं लग्न जमलं आणि जमादारांच्या ओट्यावर गर्दी वाढली.

लग्नाच्या जेवणात ते पहिल्या पंगतीला कधी बसायचे नाहीत. वरणाच्या पातेल्याशी हाताची घडी घालून उभे राहायचे आणि राबणाऱ्या बायकांची शेवटची पंगत बसली की पळी घालून तळ ढवळायचे. वरण पातळ निघालं की यजमानाला सगळ्यांदेखत विचारायचे, "दाळ कुठं गेली? बयान द्या." यजमान लोक त्यांना बोलवायला कचरायचे. न बोलवायलाही कचरायचे.

त्यांच्याकडे कोंबड्या होत्या. अंडी उकडून ते धोतराच्या सोग्यात घेऊन निघायचे आणि घराघरांत सुनांना द्यायचे. अट एकच, अंडं समक्ष खायचं. "नंतर खाते म्हनलं की ते नवऱ्याच्या ताटात जातं," असं त्यांचं म्हणणं. बाई अंडं संपवीपर्यंत ते उंबऱ्याबाहेर उभे. एकटा राहणारा विधुर माणूस दुसऱ्याच्या बायकांना अंडी खाऊ घालतो, ह्यावर गावात काय काय बोललं जायचं ते लिहीत नाही. मीही ते ऐकायचो आणि मान हलवायचो.

ह्या सगळ्याचं मूळ सोमलात होतं. सोमल म्हणजे संखिया, पांढरं विष. नोकरीत त्यांनी त्याचे किती तरी तपास केले होते. भावकीच्या भांडणात मारलेली जनावरं, मालमत्तेसाठी मारलेली माणसं. "मास्तर, त्याला वास न्हाई का चव न्हाई," ते मला सांगायचे. "म्हनून ते देनारा नेहमी घरातलाच निगतो." बोलताना ते माझ्याकडे असे पाहायचे की मला उगीचच कबुलीजबाब द्यावासा वाटायचा.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आलो तर जमादार आमच्या दारात उभे आणि माझ्या बायकोचा, कुसुमचा, हात त्यांच्या हातात.

माझं डोकं फिरलं. "काय चाललंय हे?"

"बगायलोय," ते शांतपणे म्हणाले. "मास्तर, शक हाय मला."

"मलाही आहे," मी म्हणालो, "आणि तो तुमच्यावर आहे. पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

ते हात सोडून गेले. मी कुसुमला विचारलं. ती म्हणाली, "तळहाताला बारीक बारीक घट्टे आलेत, ते बघत होते. घरात औषध काय घेता, तेही विचारलं. रहाटाच्या दोरानं आले असतील." मीही म्हणालो, दोरानंच आले असतील. हात काही मी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी जमादार परत आले. मी बंदी घातली होती, म्हणून ते सरकारी रीतीनं आले. सोबत दोन पंच, एक शिंपी आणि एक दुकानदार. दोघेही बिचारे कुठं तोंड लपवावं ह्या विचारात. अंगणात उभं राहून जमादारांनी हाक दिली, "घरात औषधाची पुडी हाय. ती पंचांसमक्ष रुजू करा!"

माझी आई बाहेर आली. तिला दमा होता. स्टेशनाबाहेर झाडाखाली एक पुडीवाला बसायचा, त्याच्याकडची पांढरट पूड ती दोन वर्षांपासून मधातून घ्यायची आणि तिला तिचा गुणही वाटायचा. कुसुमचं एक लेकरू पोटातच गेलं होतं, तेव्हापासून ती खंगत चालली होती. आई तिलाही रोज सकाळी चिमूटभर द्यायची. अंगात ताकद येते म्हणून द्यायची, मायेनंच द्यायची.

"मी सुनंला इख घालायलेय म्हनता का?" आईचा आवाज चढला.

"तसं म्हनलं न्हाई, माय. पुडीवर शक हाय."

"मग मी कामून जित्ती हाय? एकाच पुडीतलं दोगी खातोत. मला काय झालं? बगा की माझं अंग!"

पंचांनी माना डोलावल्या. मलाही जोर आला. "बोला जमादार, आता काय म्हणणं आहे तुमचं?"

जमादारांनी आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मला अंगणाच्या कडेला घेऊन गेले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"मास्तर, तुमची आई काय जेवती?"

"दम्याचं माणूस. सकाळ-संध्याकाळ दूध असतं. वरण, तूप, पालेभाजी…"

"अन् बाई?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. कुसुम काय जेवते हे मला माहीत नव्हतं. मी जेवून उठल्यावर ती जेवते, एवढंच ठाऊक होतं. मी वळून दारात उभ्या असलेल्या तिला तेच विचारलं.

"काय उरंल ते," कुसुम म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "भाकरी असती. चटणी असती."

त्या दिवशी मी तिचा हात पाहिला. तळवाभर ज्वारीच्या कण्यांसारखे कडक दाणे होते. नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा. पाठीवर चिखलाचे शिंतोडे उडावेत तसे काळे-पांढरे ठिपके. महिन्यांपासून पायांना मुंग्या येत होत्या. तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही परभणी गाठली. मी, कुसुम, आई आणि पुडी धरून बसलेले जमादार. पुडी त्यांनी लाखेनं सील केली होती. वाटेत आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. त्यांनीही डब्यातल्या इतर कुणाचे हात पाहिले नाहीत.

चामडीच्या डॉक्टरांनी कुसुमचे तळवे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठली पूड-बीड खाता का?" जमादारांनी सील तोडून पुडी टेबलावर ठेवली. लघवी तपासायला बाहेरगावी पाठवली. पंधरा दिवसांनी अहवालासाठी पुन्हा सगळे गेलो, तर तपासणीत सोमल निघाला, कुसुमच्याही आणि आईच्याही. आईच्या टाचांवरही बारीक घट्टे होते, तिनं ते वयाचे समजून सोडून दिले होते.

डॉक्टर म्हणाले, "पूड कायमची बंद, दोघींचीही. हे विष शरीर हळूहळू लघवीवाटे टाकतं, पण ते काम करायला अंगात बळ लागतं. डाळी, दूध, अंडी, हिरव्या पालेभाज्या पोटात असल्या तर जास्त चांगलं टाकतं. अर्धपोटी माणसाच्या अंगात ते जास्त त्रास देतं. आजी वाचल्या म्हणजे पूड चांगली होती असं नाही. आजींच्या ताटानं त्यांना थोडं सांभाळलं." घट्टे पूर्ण जातीलच असं नाही, दरवर्षी दाखवत राहा, जखम झाली तर ताबडतोब या, असंही त्यांनी बजावलं.

दवाखान्याच्या पायरीवर आई खाली बसली. "मी माझ्या हातानं चाटवायचे," एवढंच म्हणाली आणि कुसुमचा पदर धरून रडायला लागली. कुसुम तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर आमच्या घरात चौकशी न करताच निकाल लागला. आई कुसुमला आपल्या ताटाशेजारी बसवायला लागली. ती माळकरी होती, अंडं घरात चालायचं नाही, तरी तिनं स्वतःच तोड काढली. कुसुमनं समोर जमादारांच्या ओट्यावर जाऊन खायचं. आई आमच्या दारातून ओरडायची, "खाल्लं का? समक्ष खाल्लं का?" पुडीवाल्याला हुसकायला जमादार गेले तेव्हाही आई काठी घेऊन त्यांच्या पुढं होती.

वर्षभरात कुसुमच्या पायांच्या मुंग्या गेल्या, चेहऱ्यावर रंग आला. घट्टे थोडे राहिले.

मी जमादारांची माफी मागायला गेलो. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या नजरेत कसं कळलं?"

"पहिल्या नजरेत न्हाई," ते म्हणाले. "मला लय उशिरा कळलं. गिरजाच्या टायमाला."

गिरजाबाई त्यांची बायको. नोकरीत असताना त्यांना संधिवात झाला, कुणीतरी पूड दिली. गिरजाबाईचेही गुडघे धरायचे, म्हणून त्याच पुडीतली चिमूट तिलाही. जमादारांच्या ताटात वरण, दूध, आठवड्याला मटण. ती शेवटी जेवायची. चार वर्षांनी हातावरच्या घट्ट्याची जखम झाली आणि ती भरलीच नाही.

"दुसऱ्याच्या घरातली डबडी हुंगत हिंडलो, मास्तर. माझ्या कोनाड्यात सोमल व्हता. तीस वर्साचा संसार, पर हात धरून बसायची आमच्यात रीतच नव्हती. तिचा तळवा मी पयल्यांदा दवाखान्यात बगितला."

मी घरी येऊन कुसुमला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता उठली आणि सरळ त्यांच्या घरात शिरली, स्वयंपाकघरात गेली. डबे उघडून पाहिले. एकात ज्वारीचं पीठ, एकात तिखट. डाळीचा डबा नव्हताच. अंडी सगळी गावात वाटली जायची.

"जमादारकाका," ती बाहेर येऊन म्हणाली, "आज आमच्याकडं जेवायचं."

"मला चालतं भाकरीवर."

"मला चालत न्हाई," कुसुम म्हणाली.

ते आले. आई, मी, कुसुम आणि ते, असे चौघं एका ओळीत बसलो. कुसुमनं मधे पातेलं ठेवलं आणि त्यांना घट्ट वरण वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"ह्याच्यात गूळ हाय," ते म्हणाले.

"थोडासा टाकते मी. आवडला न्हाई का?"

"गिरजाला वरनात गूळ लागायचा म्हनं," ते ताटाकडे बघत म्हणाले. "तिच्या भैनीनं सांगितलं मला. दहाव्याच्या दिवशी."

कुसुमनं आणखी एक पळी वाढली. त्यांनी ती नको म्हटली नाही.