बिनपुडीचा टब

इंदिरानगरातल्या घराच्या गॅलरीत दत्तूअण्णांनी दोन टबांवर चिठ्ठ्या चिकटवल्या : 'पुडीचा' आणि 'बिनपुडीचा'. दोन्हींत एंजल माशांची नुकतीच पोहू लागलेली दोनदोनशे पिल्लं होती. आधीच्या दोन खेपा आठवड्याच्या आत मेल्या होत्या. तेव्हा वाचनालयातून निवृत्त झालेल्या अण्णांनी सवयीप्रमाणे पुस्तकं धुंडाळली आणि उपाय सापडला. पिल्लं खातात ते मिठाच्या पाण्यात उबवलेले बारीक जिवंत किडे. त्या किड्यांनाच तासभर आधी पोटाला चांगल्या जंतूंची पुडी चारायची. किड्यांबरोबर जंतू पिल्लांच्या पोटात. फरक कळावा म्हणून एका टबाला पुडीचे किडे, दुसऱ्याला साधे; त्यामुळे किड्यांच्या बाटल्याही दोन.

"बाबा, मासे पाळताय की परीक्षेला बसलाय?" मुलगा महेश म्हणाला.

परीक्षाच होती. दहाव्या दिवशी मत्स्य खात्यातले सोनवणेसाहेब येणार होते. फरक दिसला, तर सिन्नरच्या शिबिरात शेततळेवाल्यांपुढे अण्णांनी दहा मिनिटं बोलायचं. चाळीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेल्या माणसाला कुणी बोला म्हणालं, ते पहिल्यांदाच. भाषण सात वेळा लिहून झालं होतं.

साहेब आले, वाकले. दोन्ही टबांत पिल्लं सारखीच टुणटुणीत.

"अण्णा, फरक कुठंय? ही बी खुश, ती बी खुश. मग पुडीचं काम काय?"

"पण आधीच्या खेपा..."

"पाणी खराब आसंल. राहू द्या सिन्नरचं."

अण्णांनी भाषणाचे कागद खिशातल्या खिशात आणखी एकदा दुमडले. साहेबांना जेवायला थांबवणं भाग होतं.

"पिल्लं छान झाली ना हो?" पुरणपोळी वाढता वाढता अण्णांच्या पत्नी मोहिनीबाई म्हणाल्या. "हे एकाच बाटलीत पुडी टाकायचे. दुसऱ्यांनी काय पाप केलंय? यांची पाठ वळली की मी त्यांनाही टाकायची. एकाला वाढायचं, शेजारच्याला नाही, असला पंक्तिप्रपंच माझ्या घरात चालत नाही!"

साहेब ठसका लागेपर्यंत हसले. "म्हंजे पुडी लागू पडली का न्हाई, देवालाच ठाऊक! आता मंगळवारी शिबिर. दुसरा कोणी बोलंल. पुढल्या साली बघू, अण्णा."

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला लोक हे किती सहज सांगतात, असं अण्णांच्या मनात आलं. ते नुसतं "हो" म्हणाले.

मोहिनीबाईंनी तुपाचं भांडं उचललं. साहेबांच्या पोळीवर धार. महेशच्या पोळीवर धार. अण्णांच्या ताटाशी हात आला आणि वरच्यावर पुढे गेला.

"तुम्हाला नको. डॉक्टर काय म्हणालेत?"

अण्णांनी कोरड्या पोळीचा तुकडा मोडला. चिठ्ठी लावावी असं, खरोखर बिनपुडीचं, घरात तेवढं एकच ताट होतं.