आठ महिन्यांचा तुकडा

तपासणी समिती अकराला यायची होती आणि पावणेअकराला संशोधक विद्यार्थिनीचा सेन्सर खुर्चीवरून नाहीसा झाला.

सेन्सर म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी पारदर्शक फिल्म. तिच्यावर अर्धवाहकाचा अतिपातळ थर आणि मनगटावर चिकटवून नाडी मोजता यावी म्हणून एका बाजूला गोंद. आठ महिन्यांत सतरा तुकडे वाकवताना तडकले होते. हा अठरावा तेवढा जगला होता. प्रयोगशाळेतले मामा टेबल पुसत होते म्हणून तिने तो क्षणभर खुर्चीवर ठेवला, गोंद वर करून. तेवढ्यात तिचे मार्गदर्शक सर येऊन त्याच खुर्चीवर बसले, अहवाल चाळला, "ठीक आहे," म्हणाले आणि पाहुण्यांना आणायला निघाले. दारातून जाताना त्यांच्या पँटवर काहीतरी चमकलं.

"मामा, माझे आठ महिने सरांच्या पँटला चिकटलेत!"

"मग सांगा की त्यांना."

"काय सांगू? सर, जरा पाठमोरे व्हा?"

ती धावली, पण पाहुणे दारातच भेटले. मग सर जिना चढले, तीही चढली. सर वळले की ती गर्रकन त्यांच्या पाठीशी.

"काय गं, सारखी काय घुटमळतेस?"

"काही नाही, सर."

चहाला सर लाकडी खुर्चीत धपकन बसले. कप मांडणाऱ्या मामांना राहवेना.

"सर, ताईंचं काम तुमच्या मागे लागलंय."

"लागू दे," सर पाहुण्यांकडे बघून हसले, "इतके दिवस मीच तिच्या मागे लागलो होतो." आणि ऐसपैस रेलले. तासभर.

शेवटी सर म्हणाले, "चल, दाखव तुझा सेन्सर."

"सर, तो... तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे? कुठे?"

तिने नजर खाली ठेवून बोट दाखवलं. सरांचा हात मागे गेला आणि चेहरा लालबुंद झाला.

दोन निळ्या धाग्यांसकट सुटलेली फिल्म तिने मनगटावर चिकटवली, तारा जोडल्या. पडद्यावर सरळ रेघ. मग रेघ उसळली, उसळतच राहिली.

"एकशे तीस ठोके?" एक सदस्य म्हणाले. "बिघडलाय हा."

समितीच्या अध्यक्ष बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "नाही हो. अगदी बरोबर दाखवतोय." त्या सरांकडे वळल्या. "तुम्ही एकूण किती वेळ बसला होतात यावर?"

"तासभर तरी," सर पुटपुटले.

"मग पुढच्या दोन वर्षांचा निधी मंजूर. पण एकदा टिकला तो योगायोगही असेल. आणखी दहा तुकडे असेच तपासून पाठवा."

"वजनं ठेवून चालेल ना?" सरांनी विचारलं.

"छे! चाचणी तीच, तर वजनही तेच हवं."

सोमवारी सकाळी पहिला तुकडा तयार होता. सर खुर्चीवर बसले आणि फोनसाठी खिशात हात घालू लागले.

"सर, हलू नका," घड्याळावरची नजर न काढता ती म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून."