छतावरची पाल

"मी काई उद्या वाचत नाई," भैय्याजी म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या छताकडून आवाज आला, 'चुक!'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. आता अजिबात टाळू नका, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून भैय्याजी मरणाच्याच गोष्टी करत होते. त्यात बोलण्यावर पाल चुकचुकली, म्हणजे बोललेलं खरं होणार! त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, घाईघाईनं जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण कृष्ण" केलं.

"असं अभद्र काऊन बोलता? लहानसं तं ऑपरेशन हाय."

"लहान ऑपरेशनातच मोठे मोठे गेले."

'चुक!'

पिपरी मेघेतल्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये पाल आजवर कुणाला दिसली नव्हती, पण आज ती मिनिटामिनिटाला चुकचुकत होती. भैय्याजी काही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते, त्यामुळे तिच्या प्रत्येक आवाजाआधी त्यांनी काहीतरी अशुभ बोलून ठेवलेलं असायचंच. भूल उतरणार नाही, चुक! टाके उसवतील, चुक! संध्याकाळपर्यंत त्यांनी कपाटाच्या किल्ल्या बायकोच्या हाती दिल्या, वडनेरच्या भावाशी धरलेला अबोला फोन करून सोडला आणि दवाखान्यासाठी भरलेली पिशवी रिकामी केली.

"मी जात नाई. पालीनं सांगतलं."

आता मात्र धुरपताबाईही घाबरल्या. ऑपरेशनला गेले तरी धास्ती, न गेले तर त्याहून जास्त.

"तुमाले नजर लागली. बसा इथं."

त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळल्या आणि गॅसवरच्या तापल्या तव्यात टाकल्या. दोघांनाही ठसका लागला. धूर वर गेला आणि छत किंचाळायला लागलं.

"आला वं, न्यायले आला!" असं ओरडत भैय्याजी हर्निया दोन्ही हातांनी धरून जिन्याकडे पळाले.

खालच्या मजल्यावरची सरिता नाकाला ओढणी लावून वर आली. तिनं खिडक्या उघडल्या आणि पुण्याला, त्यांच्या मुलाला, पीयूषला फोन लावून दिला.

"अवं आई, दिवाळीत मी धुराचा अलार्म नव्हता का लावला? तो ओरडून राह्यला. धूर गेला का गप होते."

"अन् सकाळपासून चुकचुक करते ते?"

"त्याचा सेल संपत आला. नवा टाका म्हणून सांगून राह्यला तो."

सरितानं दुकानातून सेल आणला आणि स्टुलावर चढून बदलला. घर शांत झालं. भैय्याजी धापा टाकत वर आले, सगळं ऐकून ओशाळले आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले. थोड्या वेळानं कुणी नाही असं पाहून त्यांनी वर बघितलं.

"उद्या मी ठणठणीत होऊन घरी येतो," ते हळूच म्हणाले.

स्वयंपाकघराच्या छताकडून काहीच आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. सेल बदललाय हे त्यांना कळत होतं, तरी चेहरा उतरत चालला होता.

स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या धुरपताबाईंनी ते ऐकलं, लाटणं थांबवलं आणि जीभ टाळूला लावली.

'चुक!'

भैय्याजींनी जमिनीवर बोटं आपटली आणि पिशवी पुन्हा भरायला घेतली.