अदबशीर वाटाड्या

"यंत्रापुढं माणूस अवघडतो, कारण यंत्राला रीतभात नसते. माझ्या वाटाड्याला आहे!"

हे वाक्य संयोगितानं सांगलीत भेटेल त्याला ऐकवलं होतं. चहावाला तर तिला लांबून बघूनच म्हणायचा, "व्हय ताई, रीतभात हाय!"

वाटाड्या म्हणजे तिनं आणि कॉलेजपासूनचा मित्र अफताब यानं बनवलेला रोबो. छातीएवढा उंच, खाली चाकं, वर गोल पडद्यावर दोन गरीब डोळे. हाडांच्या दवाखान्यात येणाऱ्यांना एक्स-रे कुठं, प्लास्टर कुठं, व्यायामाची खोली कुठं, ते दाखवायचं हे त्याचं काम. त्या दिवशी डॉक्टर धैर्यशील त्याची परीक्षा घेणार होते. पास झाला तर दवाखान्याचं काम मिळणार. नापास झाला तर दोघांनी मुकाट्यानं पुण्याला नोकऱ्या शोधायच्या.

"कुणी हातभराच्या आत आलं की हा अदबीनं मागं सरकतो," संयोगिता डॉक्टरांना सांगत होती. "अंगावर आल्यासारखं वाटायलाच नको! बंद करायचं बटणसुद्धा पाठीवर ठेवलंय. समोर लाल बटण दिसलं की लोक बिचकतात."

"रिमोट?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा काय खेळण्यातली जीप आहे का, सर?"

अफताबनं घसा खाकरला. रिमोट हवाच म्हणून तो महिनाभर भांडला होता.

पहिल्या पाहुण्या म्हणून औंधच्या लीलाबाई निघाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते, पण चालायचं नाव नाही! वॉकर समोर ठेवला की बाई डोळे मिटून यमाईचं नाव घ्यायच्या आणि सून माया पदरानं घाम पुसायची. डॉक्टर दमले, नर्स दमल्या. "आत्याबाई, चाला नाहीतर गुडघा आखडंल," असं सांगून सांगून मायाचा आवाज बसला होता. आजही तिनं सासूबाईंना खुर्चीतून उठवून वॉकर हातात दिला तेव्हा निम्म्या दवाखान्याला ऐकू जाईल असं विव्हळणं झालं.

वाटाड्या समोर आला. "नमस्कार. व्यायामाच्या खोलीकडे जाण्यासाठी कृपया माझ्यासोबत यावे."

लीलाबाईंना कमी ऐकू यायचं. "काय म्हंतुयास?" म्हणत त्यांनी वॉकर पुढं टाकला आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

वाटाड्या अदबीनं मागं सरकला.

"बघितलंत सर!" संयोगिता कुजबुजली.

लीलाबाईंनी आणखी एक पाऊल टाकलं. वाटाड्या आणखी मागं. बाईंच्या भुवया चढल्या. "आरं, मला बघून मागं सरतुयास? मी काय वाळीत टाकलेली हाय व्हय?"

"क्षमस्व. आपल्याला अवघडल्यासारखे वाटू नये."

"काय अवघड? कोन अवघड? थांब, तुज्याकडं बघतेच!"

वॉकर खाडखाड वाजायला लागला. वाटाड्या मागं, लीलाबाई पुढं, त्यांच्या मागं माया, मायाच्या मागं नर्स, नर्सच्या मागं डॉक्टर. एका पायाला प्लास्टर असलेले दोघं कुबड्यांवर नुसती गंमत बघायला निघाले. चाकाच्या खुर्च्यांसाठीचा उतार लागला आणि वाटाड्या सुळकन मागच्या मागं रस्त्यावर!

"अफताब, बटण दाब!" संयोगिता किंचाळली.

अफताब मागून गेला, तर वाटाड्यानं मान फिरवली, "क्षमस्व," म्हटलं आणि बाजूला सरकला. अफताब डावीकडून आला, तो उजवीकडं गेला. संयोगितानं झेप घेतली, ती भाजीच्या गाडीवर पडली. ज्याला बंद करायचं त्याच्या हातभर जवळ जायचं, आणि हातभर जवळ गेलं की तो पळायचा! पाण्यात बुडणाऱ्याला आधी अंग कोरडं करून ये म्हणण्यातला प्रकार!

"आता म्हण, खेळण्यातली जीप!" अफताब धापा टाकत ओरडला.

रिक्षा थांबल्या, दुचाकीवाले थांबले. जो तो बघायला जवळ यायचा, आणि माणसं येतील तसा वाटाड्या मोकळ्या जागेकडं सरकायचा. समोर बाळासोंच्या हळदीच्या वखारीचं फाटक उघडं होतं. तो आत घुसला. पाठोपाठ मूठ उगारून लीलाबाई!

"आवं मावशी, हिकडं कुठं?" बाळासो गल्ल्यावरून उठले.

"सरक बाजूला! ह्या बाबाला मानसं कळत न्हाईत!"

आत तिन्ही बाजूंना पोती. वाटाड्या मागं सरकता सरकता एका पोत्यावर आदळला, पोतं फाटलं आणि दळलेल्या हळदीचा असा लोट उठला की क्षणभर वखार दिसेनाशी झाली. पिवळा धुरळा बसला तेव्हा वाटाड्या कोपऱ्यात अडकला होता, नवरदेवासारखा हळद लागलेला. लीलाबाईंनी त्याची मान धरली होती.

"आता बोल!"

"मागे जागा नाही," वाटाड्या बारीक आवाजात म्हणाला. "आपण म्हणाल तसे."

अफताबनं पोत्यांवरून चढून बटण दाबलं. डोळे विझले. मग फाटकाजवळून मायाचा घोगरा आवाज आला, "आत्याबाई... तुमचा वॉकर?"

वॉकर मघाच फाटकाबाहेर पडला होता. लीलाबाईंनी खाली बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर, हातात आधाराला काही नाही. त्यांनी एक पाऊल टाकून बघितलं. मग दुसरं. माया रडायला लागली.

"रडतीस काय, भवाने? खुर्ची आन! लय दुखाय लागलंय!" बाई म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे भरले होते. हळद गेली असेल.

संयोगिता मान खाली घालून डॉक्टरांपुढं उभी राहिली. "सर, दुरुस्त करून आणते. मागं सरकणं काढूनच टाकते."

"खबरदार हात लावलात तर!" डॉक्टर म्हणाले. "हा मला व्यायामाच्या खोलीत असाच पाहिजे. वाट दाखवायला आम्ही दारावर बाणाची पाटी लावू."

संध्याकाळी साताऱ्याहून तिच्या वडिलांचा फोन आला. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, विचारणं एकदम थेट. "काय गं, झाली का परीक्षा? लोक जातात का तुझ्या रोबोच्या मागनं?"

संयोगितानं ओढणीवरची हळद झटकली.

"जातात की आबा. मारायला जातात."